पहिले वीस ऑर्क: रंग खरवडायचा की ठेवायचा?

हिरवा_गडी (धागाकर्ता)
शनिवार, रात्री ११:१०

मंडळी, प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळायचा नाही. तेव्हा चहा घेऊन बसा.

१९९३ साल. मी अकरा वर्षांचा. बाबा इंग्लंडात डर्बीच्या एका इस्पितळात दोन वर्षांसाठी होते, म्हणून आमचंही बिऱ्हाड तिकडे. 'वॉरहॅमर ४०,०००' या प्लास्टिकच्या छोट्या सैनिकांच्या खेळाची दुसरी आवृत्ती त्याच वर्षी आली. केवढा तरी मोठा खोका! आत २० स्पेस मरीन (चिलखतातले अंतराळसैनिक), २० ऑर्क (हिरवे राक्षस), ४० ग्रेचिन (म्हणजे ऑर्कांचे हरकामे पोरगे), पुठ्ठ्याचा एक अगडबंब ऑर्क यंत्रगडी, फासे आणि नियमांची पुस्तकं. वाढदिवसाला हट्ट करून मिळवला. मरीन मला आवडलेच नाहीत. एकजात इस्त्री केल्यासारखे. ते मी वर्गातल्या एका मित्राला दिले आणि बदल्यात त्याच्याकडून रंगाच्या सहा छोट्या बाटल्या घेतल्या. ऑर्क ठेवले. हिरवे, सुळेवाले, वाकलेले, सदा भांडणाच्या तयारीत. आमच्या पुण्याच्या गल्लीतली पोरंच वाटली मला.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: टेबलावर लढाई मांडायची, फुटपट्टीने इंच मोजून सैनिक हलवायचे, फासे टाकून मेला की वाचला ते ठरवायचं. माणसाएवढा सैनिक साधारण २८ मिलिमीटरचा. ज्या कंपनीचा हा खेळ ती १९७५ साली लंडनमध्ये तिघा मित्रांनी काढली, आता तिचं ठाणं नॉटिंगहॅमला आहे. खेळाची पहिली आवृत्ती १९८७ची. सैनिक विकत मिळतात ते बिनरंगाचे, करड्या प्लास्टिकचे. कापा, चिकटवा, रंगवा, सगळं आपणच. आणि खरं सांगायचं तर लढाईपेक्षा यातच जन्म जातो.

१९९५ला पुण्याला परतलो. सहा बाटल्या वर्षभरात वाळून खडखडीत. मग सुरू झालं आमचं देशी प्रकरण. पोस्टर कलर लावला, तो प्लास्टिकवर धरेना, बोट लागलं की पापुद्रा. मग हार्डवेअरच्या दुकानातला ऑइलपेंट, खिडकीच्या गजांना लावतात तो. त्यावर फेव्हिकॉलचा हात. त्यावर पुन्हा पोस्टर कलर. एकेका ऑर्कवर इतके थर की सुळे ओठात बुडाले. एका ऑर्कच्या तोंडाला धाकट्या बहिणीने गुलाबी नेलपॉलिश फासलं. मी चिडून आईच्या कपाटातलं रिमूव्हर कापसावर घेऊन पुसायला गेलो. त्यात अॅसिटोन असतं आणि अॅसिटोन या प्लास्टिकला खातं, हे मला तेराव्या वर्षी कोण सांगणार? अर्धा चेहरा मेणासारखा खाली ओघळला. त्याचं नाव त्या दिवसापासून 'वितळ्या'.

२००६ला नोकरीनिमित्त पुन्हा इकडे आलो, योगायोगाने नॉटिंगहॅमलाच. आता फौज साडेतीनशेच्या घरात आहे. परवा घर बदलताना श्रीखंडाच्या जुन्या डब्यात हे पहिले वीस सापडले. एकेक म्हणजे रंगाचा नुसता गोळा.

आता प्रश्न: यांचा रंग पूर्ण काढून, आज हात बसलाय त्या हाताने नव्याने रंगवावेत, की आहेत तसे ठेवावेत?

चिमटा
शनिवार, रात्री ११:३५

काढा. डोळे झाकून काढा. डेटॉलमध्ये एक दिवस बुडवून ठेवायचे, जुन्या टूथब्रशने घासायचे. महत्त्वाचं: घासून होईस्तोवर नळाखाली धरायचं नाही. पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट राडा होतो आणि तो परत सैनिकालाच बसतो. आधी स्वच्छ डेटॉलमध्येच विसळा, मग भांड्याचा साबण, मग पाणी. हातमोजे घाला, नाहीतर आठवडाभर ऑफिसात तुमच्या अंगाला दवाखान्याचा वास येईल. (अनुभव.)

ऑइलपेंटच्या थरांना दोन-तीन दिवस लागतील. अॅसिटोनचं तुम्हाला सांगायला नको. ;)

फटकळ
रविवार, सकाळी ८:०२

एक भाबडी शंका. तेहतीस वर्षं, साडेतीनशे बाहुल्या. एवढ्यात एक टू बीएचके आला असता का हो?

हिरवा_गडी
रविवार, सकाळी ९:२०

@फटकळ, पुण्यात नाही. पार्किंगची जागा आली असती कदाचित.

खरं सांगू? पैसे विकत घेण्यात जातात, वेळ रंगवण्यात जातो. जो माणूस नुसता घेतो त्याचं दिवाळं निघतं. जो रंगवतो त्याला वर्षाला दोन डबे पुरून उरतात. माझ्याही माळ्यावर न उघडलेले अकरा डबे आहेत, हे बायको हा धागा वाचत नाही म्हणून लिहितोय. या छंदातल्या प्रत्येकाकडे असा ढीग असतो. त्याला लाजेचा ढीग म्हणतात.

केळणाकाठ
रविवार, सकाळी ११:४८

वा, धागा वाचनखूण केला. मी ऑर्कवाला नाही, इतिहासवाला आहे, पण दुखणं तेच.

मी गेली चौदा वर्षं एकाच लढाईची फौज जमवतोय: असई, २३ सप्टेंबर १८०३. गाव जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. माझं आजोळ तिथून जवळ, म्हणून हा हट्ट. एका बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टन झाला, आणि दुसऱ्या बाजूला शिंदे-भोसल्यांची फौज. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. वेलस्ली पिंपळगावाजवळ केळणा उतरून बगलेवर आला. मराठ्यांची कवायती रांग बगल मारली की कोलमडेल, असा त्याचा होरा. पण त्या पलटणींनी अख्खी रांग फिरवून त्याच्यासमोर नवं तोंड धरलं. एवढ्या पलटणी एवढ्या शिस्तीत वळणं म्हणजे गंमत नव्हे. टेबलावर करून बघा, चोवीस-चोवीस सैनिकांच्या पलटणी वळवताना कोपरे एकमेकांत अडकतात आणि सगळा चुथडा होतो.

लहानपणी मी समजत होतो, मराठा फौज म्हणजे भाला, पगडी, घोडा. फौज जमवायला लागल्यावर कळलं की असईला जी लढली ती मुख्यतः कवायती पायदळाची आणि तोफखान्याची लढाई. पलटणींचा म्होरक्या पोलमन हा हॅनोवरचा जर्मन, एकेकाळचा कंपनी सरकारचा सार्जंट. शिपाई बरेचसे उत्तर हिंदुस्थानातले. सरधन्याची राणी बेगम समरू, तिच्याही पलटणी होत्या. त्यामुळे माझ्या 'मराठा' फौजेत धोतर-अंगरख्यातला घोडेस्वार कमी आणि कोट घातलेला, बंदूक खांद्यावर घेतलेला पुरभय्या जास्त. नातेवाईक बघायला येतात आणि विचारतात, आपले कुठले? सगळेच आपले, असं सांगितलं की चहा पिऊन गप्प जातात.

आता तुमच्या प्रश्नाशी संबंध असलेली गोष्ट. त्या लढाईत मराठा गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. निदान इंग्रजांना तसं वाटलं. इंग्रजी रांग त्यांच्यावरून पुढे गेली, तेव्हा मेल्यासारखे पडलेले कितीतरी गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा उलट्या फिरवून मागून मारा सुरू केला. त्या तोफा परत जिंकायला वेलस्लीला ७८वी हायलँडर पलटण मागे न्यावी लागली. हे वाचल्यापासून माझ्या प्रत्येक तोफेपाशी दोन जोड आहेत. एक उभे गोलंदाज, एक पडलेले. पडलेले कुठेच विकत मिळत नाहीत. उभ्या सैनिकाला कमरेत कापायचं, वाकवायचं, फटीत एम-सील भरायचं, नखाने घडी काढायची. पहिला पडलेला गोलंदाज मी २०१२ला केला. मोडक्या खुर्चीवर बसल्यासारखा दिसतो. अंगठ्याएवढी पगडी आहे त्याला. तो आजही पहिल्या तोफेपाशीच पडतो. त्याला बदलायचं माझ्या मनात येत नाही.

तेव्हा माझं मत: ठेवा.

वाड्यावरची_काकू
रविवार, दुपारी ३:१५

तुमचं ते वॉरहॅमर मला कळत नाही बाबांनो, पण सैनिकांवर मी बोलणारच. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात दिवाळीचा किल्ला १९६८पासून होतोय. मी लग्न होऊन आले तेव्हा दीर करायचे, मग मुलं, आता नातवंडं. गोणपाट चिखलात बुडवून उतार, वर अळीव पेरायचं, विटांचे बुरूज, गेरूने रंगवायचे. आणि मातीची चित्रं कुंभारवाड्यातून. महाराज सिंहासनावर, मावळे, गवळण, वासुदेव, दोन वाघ, आणि का कोण जाणे एक ट्रॅफिक पोलीस. तो दर वर्षी महादरवाजात उभा असतो. मावळा दरवाजापेक्षा उंच, वाघ मावळ्याएवढा. प्रमाण बिमाण काही नाही.

तर मुद्दा. आमचे मावळे दर वर्षी रंगतात! जुना रंग कोणी काढत नाही आणि कोणी जपतही नाही. वसुबारसेच्या आदल्या दिवशी डबा उघडायचा, नाक गेलं असेल तर शाडूने लावायचं, वरून नवा हात मारायचा. एका मावळ्यावर चाळीस तरी थर असतील. तो आता बराच बाळसेदार झालाय. पण त्याला जुना म्हणावं की नवा? तुम्ही खरवडायचं की ठेवायचं यातच अडकलात. वरून रंगवा की!

हिरवा_गडी
रविवार, दुपारी ४:०५

काकू, साष्टांग नमस्कार. हा पर्याय माझ्या डोक्यातच आला नव्हता.

अडचण एवढीच की आमचे गडी जेमतेम इंचभराचे. बोटाच्या पेराएवढे. प्रत्येक थराने कान, डोळा, पट्ट्याचं बक्कल बुजत जातं. म्हणून या छंदात पहिला धडा हाच देतात: रंग पातळ करा, एका जाड हातापेक्षा दोन पातळ. किती पातळ? मी ताकाएवढा म्हणतो. दह्याएवढा नको, पाण्याएवढा नको.

वाड्यावरची_काकू
रविवार, दुपारी ४:३०

कोणतं ताक? आमच्याकडचं की खानावळीतलं?

चिमटा
रविवार, दुपारी ४:४१

हसून हसून पुरेवाट. काकू, खानावळीतल्या ताकाला आमच्याकडे 'वॉश' म्हणतात. ते वेगळं लावायचं असतं. खोबणीत गडद पाणी उतरतं आणि आपोआप सावली पडते. आयुष्यातली सगळ्यात सोपी लबाडी.

अवांतर: मुंबईत पावसाळ्यात स्प्रेने अस्तर मारू नका कुणीही. हवेतला दमटपणा धरून रंग दाणेदार बसतो, सैनिकाला रव्यात घोळवल्यासारखा. मी जुलैत बाल्कनीत उभा राहून अख्ख्या पलटणीची कटलेटं केली आहेत. आता जून ते सप्टेंबर ब्रशनेच अस्तर.

रेझिन_राजा
रविवार, रात्री ९:५०

२०२६ चालू आहे आणि लोक अजून डेटॉलवर चर्चा करतायत.

रेझिन प्रिंटर घ्या (पातळ रेझिनपासून अख्खी वस्तूच छापणारा थ्रीडी प्रिंटर). तुमच्या वितळ्याला चारी बाजूंनी फोटो काढून स्कॅन करा, कॉम्प्युटरवर साफ करा, हव्या तेवढ्या प्रती काढा. मूळ जपा, प्रत रंगवा. मी बंगळुरूत बसून माझी अर्धी फौज घरीच छापली. परदेशातून मागवायचं, कुरियरची वाट बघायची, कस्टमचं बिल बघून हाय खायची, ही कटकट संपली.

केळणाकाठ
रविवार, रात्री १०:१५

प्रिंटर माझ्याकडेही आहे, तोफांची चाकं त्यावरच काढतो. पण राजे, पूर्ण गोष्ट सांगा. ओलं रेझिन हाताला लागू द्यायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची, छापून झालं की अल्कोहोलमध्ये धुवायचं, मग अतिनील दिव्याखाली पक्कं करायचं. टू बीएचकेतल्या बेडरूममध्ये लहान मूल झोपलेलं असताना करायचं काम नव्हे ते.

रेझिन_राजा
रविवार, रात्री १०:२२

मान्य. मी गच्चीवरच्या खोलीत करतो. आणि कंपनीच्या स्वतःच्या स्पर्धांत छापलेले सैनिक चालत नाहीत, हेही मान्य. पण मी स्पर्धेला जातोच कुठे? चार मित्र, एक कॅरमचा बोर्ड उलटा घातलेला, वर हिरवी चादर.

ओट्यावरून
सोमवार, सकाळी ७:३०

मी नवीन सदस्य, पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला हे करायचंय. हिरवा_गडीदादा, 'स्वतःची फौज' म्हणजे नक्की काय करायचं असतं? डब्यावर चित्र असतं तसंच रंगवायचं ना?

हिरवा_गडी
सोमवार, दुपारी १:०५

@ओट्यावरून ताई, स्वागत. बरं झालं विचारलंत, मला फुशारकी मारायला जागाच मिळत नव्हती.

डब्यावरच्या चित्रासारखं रंगवणारेही आहेत आणि त्यात काही कमीपणा नाही. पण ऑर्कांची मजा अशी की त्यांच्यात काहीही खपतं. त्यांच्या सहा कुळी आहेत. बॅड मून पिवळे, श्रीमंत. ऑर्कांचं चलन म्हणजे दात, आणि बॅड मूनांचे दात इतरांपेक्षा लवकर उगवतात, म्हणून ते जन्मजात सावकार. डेथस्कल निळे, कारण निळा म्हणजे शुभ, आणि ते अव्वल भुरटे. इव्हिल सन लाल, वेगवेडे. लाल रंगाची गाडी जास्त जोरात पळते असा ऑर्कांचा ठाम समज आहे. काही आवृत्त्यांमध्ये तर नियमच होता: लाल रंगवली तर गाडी एक इंच जास्त जाते!

तर माझा एक लाल ट्रक आहे, २००९चा. मूळ डब्यात नुसता लोखंडी खटारा. मी विचार केला, लाल ट्रक, हाणामारीला निघालेली टोळी, ड्रायव्हरला ब्रेक माहीत नाही. हा तर आपला मुंबई-पुणे जुना हायवे. मग पुढे बंपरला लिंबू-मिरची लटकवली. लिंबू म्हणजे ग्रीन स्टफ नावाच्या लांबीची गोळी (निळी आणि पिवळी पट्टी एकत्र मळली की हिरवी होते, ती). मिरच्या सात, प्रत्येकी तीन मिलिमीटर, सुईच्या टोकावर वळलेल्या. ओवायला तांब्याच्या वायरीचं एक तंतू. दोन मिरच्या खोकल्यामुळे उडाल्या आणि गालिच्यात कायमच्या गेल्या. चाकाच्या बाजूला झेंडूची नक्षी. मागच्या फळीवर शून्य-शून्य नंबरच्या ब्रशने, श्वास रोखून, लिहिलं: 'आईचा आशीर्वाद'.

इथले इंग्रज मित्र विचारतात काय लिहिलंय. सांगितलं की हसून लोळतात, कारण ऑर्कांना आईच नसते. ते बुरशीसारखे बीजाणूंतून उगवतात.

टोळीनायकाचं नाव भुजंगराव. पाठीवरच्या निशाणावर मोडीत त्याचं नाव आहे. मोडी मी त्या एका निशाणासाठी शिकलो. अजून फक्त तेवढंच नाव नीट लिहिता येतं.

मुलासाठी सुरुवात: एकच डबा, पाच-दहा सैनिक. कापायची पक्कड, एक बरा ब्रश, रंग पाच-सहा. ब्रश बुडापर्यंत बुडवायचा नाही, पत्र्याच्या कडेत रंग गेला की केस फाकतात. पाती तुम्ही चालवा, त्याला देऊ नका. आणि पहिला सैनिक रंगवून झाला की बुडाखाली तारीख लिहून ठेवा. हे मी केलं नाही.

केळणाकाठ
सोमवार, दुपारी २:१०

ट्रकाला दंडवत. फोटो कुठाय?

बाकी 'घरातल्या वस्तूंतून बनवा' ही या छंदाची जुनी खोड आहे. सुरुवातीच्या काळात खुद्द कंपनीनेच डिओडरंटच्या डबीपासून उडता रणगाडा कसा करायचा ते छापलं होतं. आज तीच कंपनी डिओडरंटची डबी बघून नाक मुरडेल. त्याच्याही मागे जायचं तर एच. जी. वेल्स, होय तेच काळयंत्रवाले, त्यांनी १९१३ साली खेळण्यातल्या शिसाच्या सैनिकांच्या लढाईचे नियम छापले. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी काडी मारायची, जो आडवा होईल तो मेला. फासा नाही, वाद नाही.

वाड्यावरची_काकू
सोमवार, दुपारी ३:००

हे तर आमचे दीर करायचे! फक्त तोफेच्या जागी लवंगी. वासुदेवाची टोपी १९७४ला तशीच उडाली.

फटकळ
सोमवार, दुपारी ३:२०

काकूंना धागा चालवायला द्या, बाकीचे घरी जा.

हिरवा_गडी, एक मात्र खरंच विचारतो, टिंगल नाही. नियम बदलत राहतात म्हणे. मग जुने सैनिक बाद नाही होत?

हिरवा_गडी
सोमवार, रात्री ८:४५

चांगला प्रश्न. १९८७ला पहिली आवृत्ती, १९९३ला दुसरी, १९९८ला तिसरी, २०२३ला दहावी. दर खेपेला पुस्तकं रद्दीत. काही सैनिकांचे नियमच निघून जातात, ते कपाटात पेन्शनवर. सगळ्यात मोठा धक्का २०१५चा. कंपनीची जुनी जादू-तलवारवाली दुनिया, १९८३पासूनची, कंपनीने गोष्टीतच प्रलय घडवून बुडवली आणि चौकोनी बैठकीवरच्या फौजांना गोल बैठकींचा नवा खेळ आला. लोकांनी इंटरनेटवर फौजा जाळल्याचे व्हिडिओ टाकले. मग २०२४ला तीच जुनी दुनिया नव्या खेळाच्या रूपात परत आणली. ज्यांनी जाळल्या त्यांची तोंडं बघण्यासारखी होती. ज्यांनी माळ्यावर ठेवल्या होत्या ते धूळ झटकून हजर.

ऑर्क मात्र कधीच बाद झाले नाहीत. फक्त पायाखालची चकती २५ मिलिमीटरची होती ती ३२ची झाली. म्हणजे माझ्या वीस जणांना रंग नाही तरी नव्या चकत्या लागणारच.

धाकटी_पाती
सोमवार, रात्री १०:३०

हा धागा नवऱ्याने दाखवला. मी धागाकर्त्याची बहीण. नुसती वाचत होते, पण आता सहन होत नाही.

दादा, नेलपॉलिश मी लावलं नव्हतं. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि त्या गुलाबी बाटलीला हात लावला तर आई मला फोडून काढायची. तीस वर्षं तू हे सगळ्यांना सांगतोस. माझ्या लग्नातही सांगितलंस. माईकवर. आईला विचार.

वाड्यावरची_काकू
सोमवार, रात्री १०:३४

अगं बाई.

चिमटा
सोमवार, रात्री १०:३६

*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे*

हिरवा_गडी
मंगळवार, सकाळी ६:५०

आत्ताच पुण्याला फोन झाला. मी आईला म्हटलं, १९९५, गुलाबी नेलपॉलिश, हिरवा राक्षस. एक क्षण शांतता. मग म्हणाली, "अरे, ते दुपारी केर काढताना पलंगाखाली सापडलं. तोंडाचा रंग उडालेला, फिकट दिसत होतं बिचारं. तू शाळेतून येऊन रडला असतास. घरात दुसरा लाल रंग नव्हता."

मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललीस? तर म्हणे, "तू चिडलास ना. मला वाटलं, होईल शांत. मग जेवायला वाढायचं होतं."

धाकटे, जाहीर माफी. पुढच्या भेटीत तुला हवं ते.

धाकटी_पाती
मंगळवार, सकाळी ७:१५

माईकवर.

केळणाकाठ
मंगळवार, सकाळी ९:००

वितळ्याचा निकाल लागला म्हणायचा. उरलेल्या एकोणीस जणांचं काय?

रेझिन_राजा
मंगळवार, सकाळी ९:४०

आईचं ऐकल्यावर स्कॅनचा सल्ला मागे घेतो. (बाकीच्या एकोणिसांसाठी कायम.)

हिरवा_गडी
रविवार, सायंकाळी ५:३०

आठवड्याचा हिशोब.

वितळ्याला हात लावला नाही. फक्त ३२ मिलिमीटरची चकती दिली. उरलेल्या ओठांवर, अगदी सुळ्यांच्या मुळापर्यंत, गुलाबी रंग नीट आत राखून लावलेला आहे. भिंगाखाली पाहिला तेव्हा कळलं. अॅसिटोनने डावी बाजू नेली, उजवी शाबूत. माझ्याच्याने तेव्हा एवढी रेघ आली नसती.

बाकीचे एकोणीस चिमटा म्हणतात तसे डेटॉलमध्ये. पोस्टर कलर तासाभरात सुटला, फेव्हिकॉल दुसऱ्या दिवशी पापुद्र्यासारखा निघाला, गजांच्या ऑइलपेंटने तीन दिवस दम काढला. त्याखाली डर्बीच्या बाटलीतला मूळ हिरवा. तो काढताना जरा थांबलो होतो, खोटं नाही सांगत.

पण एक गंमत झाली. त्या खोक्यातल्या सगळ्या ऑर्कांचा पवित्रा एकच, एकाच साच्यातले. मी कायम सांगत आलो की कापाकापी करून सैनिक बदलायला मी इथे, २००६नंतर शिकलो. घासता घासता चार जणांच्या मानेवर चीर दिसली. आरपार. डोकं कापून, जरासं वळवून परत चिकटवलेलं. एकाने डावीकडे, दोघांनी उजवीकडे, एकाने तर मागे वळून बघितलंय, जवळजवळ पाठीवर. बाबांच्या दाढीच्या ब्लेडचं काम. अर्धं मोडून वापरायचो ते आठवतं, पण कशासाठी ते साफ विसरलो होतो. वर इतका रंग थापला होता की चीरच बुजली होती.

ओट्यावरून ताई, म्हणून म्हणत होतो, बुडाखाली तारीख लिहा.

ओट्यावरून
रविवार, सायंकाळी ६:१०

लिहिली दादा. मुलाने काल पहिला रंगवला. जांभळा केलाय. ऑर्क जांभळा चालतो का?

हिरवा_गडी
रविवार, सायंकाळी ६:२५

ऑर्क म्हणतात, जांभळा रंग लावला की कोणाला दिसत नाही. तुम्ही कधी जांभळा ऑर्क पाहिलाय? मग!

केळणाकाठ
रविवार, सायंकाळी ६:४०

चार मानवाल्यांचा फोटो टाका आता. ट्रकाचाही राहिलाय.

हिरवा_गडी
रविवार, सायंकाळी ६:५२

उद्या. इथे चारलाच अंधार पडलाय, आणि दिव्याच्या उजेडात हिरवा पिवळा दिसतो.